बाप्पाशेजारी बसवलेला एल्फ

माझी चूक आधीच सांगून टाकतो. माझी सहा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी देवासमोर जे हळू आवाजात बोलायची, ते मी चोरून ऐकलं. तेवढ्यावर थांबलो नाही. ऐकलेलं सगळं एका बाहुल्याच्या तोंडी घातलं आणि तिला घाबरवलं. घाबरवणं हा शब्द तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. स्वतःशी मी त्याला शिस्त म्हणत होतो आणि बायकोसमोर गंमत.

तो बाहुला म्हणजे एल्फ. लाल टोपी, लांब लोंबते पाय, तिरक्या नजरेचा चेहरा. डिसेंबर सुरू झाला की तो घरी येतो. दिवसभर एका जागी बसून मुलांवर लक्ष ठेवतो, मुलं झोपली की सांताक्लॉजला जाऊन सगळं सांगतो आणि सकाळी परत येऊन घरात दुसऱ्याच जागी बसतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तर त्याची जादू जाते. मुलीच्या किंडरगार्टनमधल्या बऱ्याच मुलांकडे तो होता. 'आपल्याकडे का नाही?' हा प्रश्न तिने इतक्या वेळा विचारला, की शेवटी मी एक विकत आणला.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी फोटो यायचे. कुणाचा एल्फ मैद्याच्या बर्फावर घसरतोय, कुणाचा दोरीवरून लटकत हॉल ओलांडतोय. मला हे झेपणारं नव्हतं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर दुसऱ्यांदा बाप झालो होतो, धाकटा दहा महिन्यांचा होता, आणि परदेशातल्या या शहरात पाया लेबारच्या ऑफिसातून उत्तर टोकाला सेम्बावांगला घरी पोचेपर्यंत माझ्यात काही उरलेलं नसायचं. म्हणून मी सोपे प्रकार शोधले. एल्फ फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी, गळ्यात माझा रुमाल. एल्फ तांदळाच्या डब्यात, फक्त डोकं वर. एल्फ कपडे वाळत घालायच्या काठीला चिमट्याने अडकवलेला. एल्फ कुकरवर, शिट्टी मिठीत धरून. सकाळी चहाचं पाणी उकळेपर्यंत काम संपायचं.

सुरुवातीचे दिवस खरंच छान गेले. मुलगी उठल्या उठल्या अनवाणी पळत घरभर शोधायची.

"बाबा, राईसमध्ये बसलाय! हाऊ कॅन लाह! असं कसं?"

"हात नको लावूस हं."

"नाही लावत. पण त्याला टोचत नाही?"

बायको पाळण्यापाशी बसून हसायची. "ऑफिसातली कामं वेळेवर होत नाहीत साहेबांची. इथे मात्र रोज सकाळी हजर."

पुढे मी आमच्या इमारतीखालच्या दुकानातून एक बोटभर उंचीचा कंदील आणला आणि एल्फच्या हातात अडकवला. आत शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल होता. सेलच्या झाकणाला बारीक स्क्रू होता. सेल सारखे संपायचे, म्हणून मी तो स्क्रू एकदा काढला तो परत लावलाच नाही. मुलीला म्हणालो, "दिवा लागलेला असला की समजायचं, तो बघतोय."

ही झाली सोपी सजावट. आता चोरीकडे येतो.

आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर छोटं लाकडी देवघर आणि त्यात पितळेचा गणपती. संध्याकाळी बायको दिवा लावायची. मुलगी हात जोडायची, श्लोक म्हणायची, आणि बायको आत गेली की तिथेच उभी राहून बाप्पाशी गप्पा मारायची. शाळेत दिवसभर इंग्रजी, आमच्याशी अर्धं इंग्रजी, पण बाप्पाशी मात्र मराठीच. बाप्पाला इंग्रजी येत नाही अशी तिची समजूत होती. एकदा मी लवकर घरी आलो होतो आणि स्वयंपाकघराच्या दाराआड पाणी पीत होतो.

"बाप्पा, आज मी डब्यातली भाजी डस्टबिनमध्ये टाकली. आईला नको सांगू हं."

मला हसू आलं. पेला खाली ठेवून मी तिथून निघून जायला हवं होतं. मी हालचाल न करता उभा राहिलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता सहज म्हणालो, "एल्फ सांगत होता, कुणाची तरी भाजी डस्टबिनमध्ये गेली म्हणे."

ती एल्फकडे बघत राहिली. त्या दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा आला. मला वाटलं, वा, किती सोपं आहे हे. मग मी रोज घाईने घरी यायला लागलो. दिव्याच्या वेळेला दाराआड उभं राहायचं, सकाळी एल्फच्या नावाने बोलायचं. दात न घासणं, टॅब्लेट लपवून बघणं, मैत्रिणीचा खोडरबर आणणं, सगळं एल्फला कळत गेलं.

एका संध्याकाळी ती बराच वेळ नुसती उभी होती. मग म्हणाली, "बाप्पा, बेबीला परत हॉस्पिटलमध्ये पाठव ना. फक्त थोडे दिवस. मग परत आण."

मी त्याच क्षणी पुढे होऊन तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी रागावलो. आपल्या पोरीच्या मनात असं काही यावं, याचा राग. सकाळी एल्फला बसवायला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्याला सरळ देवघरात, बाप्पाच्या शेजारी बसवला. तो कलंडत होता, तेव्हा त्याचं डोकं बाप्पाच्या कानाला टेकवलं.

बायको बाळाची बाटली धूत होती. "अरे, देवघरात कशाला? दुसरी जागा नाही मिळाली?"

"सोपं पडतं," मी म्हणालो.

मुलगी उठून आली. आणि मी म्हणालो, "एल्फ सांगत होता, कुणाला तरी बाळ घरात नकोय."

तिचा चेहरा पांढरा पडला. पांढरा पडणं हे आपण नुसतं म्हणतो, मी ते त्या दिवशी पाहिलं. ती देवघराकडे बघत अगदी हळू म्हणाली, "बाप्पाने सांगितलं त्याला?"

आणि मी हसून म्हणालो, "त्यांचं त्यांना माहीत."

त्यानंतर ती दिव्यापाशी बाप्पाशी बोलली नाही. हात जोडायची, श्लोक संपला की लगेच वळायची. मग दिव्याला येणंच बंद झालं. कपडे बदलायला बाथरूममध्ये जाऊन कडी लावायला लागली. हॉलमधून जाताना डोक्यावर उशी धरायची. आम्ही काही विचारलं की मान हलवायची, आणि बोललीच तर कुजबुजत. बायको म्हणाली, "ही इतकी गप्प का झालीय रे?" मी म्हणालो, "मोठी होतेय." मला कारण माहीत होतं. निदान अर्धं तरी माहीत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्या शनिवारी दुपारी मी हॉलमध्ये आलो तेव्हा एल्फ टीव्हीखाली पडला होता. कंदील विझलेला. उचलून बघितला तर मागचं झाकण उघडं होतं आणि सेल नव्हता. मुलगी सोफ्याच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"यातला सेल कुठाय?"

तिने दोन्ही हात तोंडावर दाबले.

"अगं, सेल कुठाय? तोंडात घातलास का? गिळलास?"

हात तसेच. डोळ्यांतून पाणी. बायको बाळाला कडेवर घेऊन धावत आली. कंदील बघून तिचा आवाजच बदलला. "अरे, हे गिळलं तर आतून जाळतं. बाळाच्या क्लिनिकमध्ये सांगितलं होतं मला. थांबू नकोस, उचल तिला."

मी तिला उचललं आणि खाली पळालो. टॅक्सीत ती माझ्या मांडीवर काठीसारखी ताठ बसली होती. मी विचारत राहिलो, दुखतंय का, घशात टोचतंय का, पोटात कसं वाटतंय. ती माझ्याकडे बघतही नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. प्रत्येक सिग्नलला मला वाटायचं की आता हिला उलटी होईल, आता रक्त येईल. माझ्या हाताखाली तिचं काळीज पाखरासारखं उडत होतं आणि मला फक्त एवढंच कळत होतं की झाकणाचा स्क्रू मी काढला होता.

मुलांच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये नर्सने विचारलं, डॉक्टरबाईंनी विचारलं. मुलगी बोलली नाही. "शी डझन्ट टॉक?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं. बोलते, खूप बोलते, असं मी सांगितलं. एक्स-रेसाठी तिला त्या थंड फळीवर झोपवलं, तेव्हा तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. ती यंत्राला घाबरली नव्हती, तिथून कोण बघतंय ते शोधत होती. तिची नजर छतावरच्या कॅमेऱ्यावर जाऊन थांबली.

एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं. घसा मोकळा, छाती मोकळी, पोट मोकळं. डॉक्टरबाईंनी नाक आणि कानही बघितले. तिथेही काही नाही. मी खुर्चीत बसलो आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, घरात आणखी कुणी लहान मूल आहे का?

मी घरी फोन लावला. बायकोने उचलला.

"तिच्या पोटात काही नाही," मी म्हणालो. "बाळ कुठाय?"

"देवा, सुटले मी. बाळ झोपलाय. दुपारभर नुसती लाळ गाळत होता. दात येतायत ना…" ती मध्येच थांबली. मग तिचा श्वास ऐकू आला. "अरे, तो सकाळी तिथेच रांगत होता. टीव्हीखाली."

"उठव त्याला. अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव."

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी मुलीपुढे गुडघ्यांवर बसलो. सेल कुठे आहे हे जगात फक्त तिला माहीत होतं. आणि माझ्या कानात तिचं ते वाक्य वाजत होतं, बेबीला परत पाठव ना. मी तिचे दंड धरले आणि विचारलं, "तू बाळाला दिलास का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या वयाच्या मुलीला तो प्रश्न कळला नसेल अशी मी नंतर स्वतःची समजूत घालून बघितली. तिला पूर्ण कळला होता.

मग मी आणखी एक खोटं बोललो. सवय लागली होती. म्हणालो, "हे बघ, एल्फचा मला मेसेज आलाय. तू खरं सांगितलंस तर तो रागावणार नाही म्हणालाय."

ती मागे सरकली. त्या दुपारी पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटला, तोही कुजबुजत. "तो इथे पण बघतो?"

मग माझ्याकडे खऱ्याशिवाय काही उरलं नाही. मी म्हणालो, "तो कुठेच बघत नाही. ते कापड आहे, आत कापूस आहे. मी उचलतो त्याला सकाळी. मीच ठेवतो."

"यू?"

"हो. मी."

"फ्रिजमध्ये?"

"मीच."

"राईसमध्ये पण?"

"मीच, बाळा. सगळीकडे मीच. सांता नाही, कुणी नाही. आता सांग."

ती माझा चेहरा तपासत होती. पडद्यापलीकडे कुणाचं तरी मूल खोकत होतं. डॉक्टरबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांना मराठी कळत नव्हतं.

"मग दिवा?" तिने विचारलं. "दिवा लागला की तो बघतो, तू बोलला."

"ते मी खोटं बोललो."

"मी दिवा ऑफ केला. म्हणजे तो सांगणार नाही." तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. "बेबी सगळं तोंडात घालतो ना. म्हणून मी तो सेल टिश्यूमध्ये गुंडाळला. बाहेर ठेवला. बाहेर एल्फ बघू शकत नाही."

"बाहेर कुठे?"

"शू रॅकवर. तुझ्या ऑफिसच्या शूजमध्ये."

फोन चालूच होता. मी ओरडलो, "दाराबाहेर बघ, माझे काळे बूट!" बायकोच्या पावलांचा आवाज, बाळाचं रडणं, ग्रिलच्या कुलुपात किल्ली फिरण्याचा आवाज. एक बूट खाली पडला. मग काहीच नाही. मी हॅलो, हॅलो करत होतो. मग बायको हमसून रडायला लागली, आणि ते कसलं रडणं आहे ते मला कळेना.

"मिळाला," ती म्हणाली. "मिळाला रे. टिश्यूत आहे."

घरी येताना मुलगी टॅक्सीत झोपली. मी जागा होतो आणि घाबरलेलाच होतो. भीती उतरायला हवी होती, ती उतरत नव्हती. बाळाला वाचवायचा विचार त्या घरात फक्त हिने केला होता, आणि मी हिलाच विचारलं होतं की तू त्याला दिलास का.

बायकोने सेल आणि कंदील वेगळे बांधून टाकून दिले होते. एल्फही दिसला नाही. मी काही विचारलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर मी बायकोला चोरून ऐकण्याचं सगळं सांगितलं. ती बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी कुठे होते दिव्यापाशी उभी?"

मला वाटलं होतं एल्फ गेला की मुलगी पूर्वीसारखी होईल. दिवसा ती थोडी मोकळी झालीही. बाळाला खेळवायची, उशी डोक्यावर घेणं थांबलं. पण दिव्याची वेळ झाली की आतल्या खोलीत जायची. बायको हाक मारायची, ती यायची नाही. एकदा मी विचारलं, "बाप्पाला नमस्कार नाही करायचा?"

"नको."

"का गं?"

तिने जमिनीकडे बघत सांगितलं. "एल्फ फेक होता. ओके. पण मी बेबीचं फक्त बाप्पाला सांगितलं होतं. म्हणजे बाप्पाने तुला सांगितलं."

सहा वर्षांच्या मुलीने सरळ हिशोब मांडला होता. मी अर्धंच खरं बोललो होतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा आळ बाप्पावर गेला होता. मी म्हणालो, "बघू, नंतर बोलू," आणि उठून गेलो. भित्रेपणा म्हणजे दुसरं काय असतं? पुढे कितीतरी संध्याकाळी मी मुद्दाम उशिरा घरी आलो. दिव्याची वेळ टळून जावी म्हणून स्टेशनवरच्या बाकावर बसून राहायचो. तिला खरं कळलं तर बाप्पाला सोडलं तसं ती मलाही सोडून देईल, याची मला भीती वाटत होती. तिच्या मनातलं सांगायला तिला घरात एकच जागा होती आणि ती मी घेतली होती. आता तिला काही झालं, कुठे दुखलं, कुणी शाळेत त्रास दिला, तर ती कुणाला सांगणार? हा विचार ऑफिसात, मीटिंगमध्ये, कुठेही यायचा.

ख्रिसमसच्या सुट्टीत मी घरी होतो. बायकोने दिवा लावला आणि बाळाला घेऊन आत गेली. मुलगी आतल्या खोलीच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे उभी होती. मी देवघरासमोर खाली बसलो. तिला जवळ बोलावलं नाही, तिथूनच ऐकू जाईल इतक्या आवाजात बोललो.

"बाप्पाने मला काही सांगितलं नाही. कधीच नाही. मी त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून तुझं बोलणं ऐकायचो. रोज. तुला न सांगता. ते तुझं आणि बाप्पाचं होतं, माझं नव्हतं. तुला बाळाचा कंटाळा आला होता, त्यात वाईट काही नव्हतं. मी ते ऐकलं होतं तर तुला जवळ घ्यायचं होतं, मी तुला घाबरवलं. आणि हॉस्पिटलमध्ये तुला जे विचारलं, ते मी कधीच विचारायला नको होतं. तू त्याला जपलंस आणि मी तुझ्यावर संशय घेतला. माझं चुकलं, बाळा. तुझी एकटीची जागा मी चोरली. मला माफ कर."

एवढं बोलून मी उठलो आणि ती जागा तिच्यासाठी मोकळी ठेवून दाराबाहेर, बूट ठेवतो तिथे जाऊन उभा राहिलो; तिथून आतलं काही ऐकू येत नाही.